नवऱ्याला मोठी शिक्षा झाली, तर घटस्फोट मिळतो का?

(कायद्याचा पाठ. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. एका बैठकीत झाला नाही तर दोन बैठकीत घ्यावा.)



बैठक संपते, बचतीचे पैसे मोजून होतात, सह्या-अंगठे होतात, सगळ्या घराकडे निघतात, आणि मग एखादी ताई मागे थांबते. जे बोलायचं असतं ते तिला साऱ्यांसमोर बोलता येत नाही. अशीच एक ताई मागे थांबली आणि हळूच म्हणाली, "ताई, माह्या बहिणीच्या नवऱ्याले जन्मठेप झाली. सासरचे तिले राहू देत नाही, अन् माहेरचे म्हणतात आता थो सुटून येतपर्यंत वाट पाहा. तिले सोडचिठ्ठी भेटते का?"

या प्रश्नाला "भेटते" किंवा "नाही भेटत" असं एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून हा पाठ लिहिला.

आपल्या शेजारच्या हिंगणघाटची घटना कोणी विसरलेली नाही. ३ फेब्रुवारी २०२० ला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून दिलं. आठवडाभर झुंज देऊन १० फेब्रुवारीला ती गेली. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ ला, हिंगणघाटच्या न्यायालयाने गुन्हेगाराला जन्मठेप सुनावली. गावोगावच्या बाया तेव्हा रस्त्यावर आल्या होत्या. ते बरोबरच होतं. ज्याच्यावर अन्याय झाला, पहिला विचार त्याचाच करायचा.

पण खुनाची, बलात्काराची, हुंडाबळीची कोणतीही मोठी शिक्षा होते, तेव्हा शिक्षा झालेल्या माणसाच्या घरी पुष्कळदा एक बाई असते, लेकरं असतात. तिने गुन्हा केलेला नसतो, तरी पाण्यावर गेली की तिच्याकडे बोट दाखवतात. तिने काय करावं हे सारं गाव ठरवतं, तिला मात्र कोणी विचारत नाही. आजचा पाठ तिच्यासाठी आहे.

१. शिक्षा झाली म्हणून लग्न आपोआप मोडत नाही

ही पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. नवरा तुरुंगात गेला, त्याला जन्मठेप झाली, फाशीची शिक्षा झाली, तरी कायद्याने ती त्याची बायकोच राहते. लग्न मोडायचं असेल तर न्यायालयाचा हुकूम लागतो.

याबद्दल तीन गैरसमज आपल्याकडे फार आहेत.

एक, "पकडून नेला म्हणजे गुन्हेगार ठरला." तसं नाही. खटला चालू असेपर्यंत तो कच्चा कैदी. निकाल लागून शिक्षा झाली की पक्का कैदी. घटस्फोटाच्या कामात हा फरक मोठा असतो.

दोन, "जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं." हेही खरं नाही. जन्मठेप म्हणजे जन्मभराची शिक्षा. सरकार शिक्षेत सूट देऊ शकतं. पण ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकत होती, अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल तर १४ वर्षं भरल्याशिवाय सोडता येत नाही. चौदा वर्षं झाली की सुटेलच, असा त्याचा अर्थ नाही. मधल्या काळात कैदी संचित रजेवर (फर्लो) किंवा अभिवचन रजेवर (पॅरोल) काही दिवस घरी येऊ शकतो, हेही बाईने धरून चालावं.

तीन, "सात वर्षं झाली की लग्न आपोआप सुटतं." सात वर्षांची ती गोष्ट वेगळी आहे. जो माणूस जिवंत आहे की नाही याचा सात वर्षं पत्ताच नाही, त्याच्यासाठी ते कलम आहे. तुरुंगातल्या माणसाचा पत्ता तर साऱ्यांना माहीत असतो. आणि बेपत्ता माणसाच्या बाबतीतही न्यायालयात जावंच लागतं.

२. तुमचं लग्न कोणत्या कायद्याने झालं?

गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांच्या दर्ग्यावर सगळ्या जातीधर्माचे लोक जातात. आपल्या गटातही तसंच आहे. चटईवर सगळ्या एकत्र बसतो, कर्जाचा व्याजदर सगळ्यांना सारखाच. पण लग्न मोडण्याचा कायदा सगळ्यांना सारखा नाही. म्हणून आधी हे पाहायचं.

विशेष विवाह कायदा, १९५४ (ज्याला आपण रजिस्टर लग्न म्हणतो, तो बहुधा हाच). या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की जोडीदार ७ वर्षं किंवा जास्त मुदतीची शिक्षा भोगत असेल तर तेवढ्या कारणावर घटस्फोट मागता येतो. मात्र एक सावधगिरी. मांडवात किंवा विहारात लग्न लावून नंतर ग्रामपंचायतीत नोंद केली असेल तर ते या कायद्याखालचं लग्न नव्हे. ती फक्त नोंदणी. दाखल्यावर कोणत्या कायद्याचं नाव आहे ते वाचून घ्या.

मुस्लिम बहिणींसाठी १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आहे. नवऱ्याला ७ वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर बायको न्यायालयातून तलाक घेऊ शकते. अट एवढीच की ती शिक्षा अंतिम झालेली हवी, म्हणजे त्यावरचं अपील निकाली निघालेलं किंवा अपिलाची मुदत संपलेली हवी. याच कायद्यात आणखी एक कारण आहे. नवऱ्याने २ वर्षं खर्चपाणी दिलं नाही, तरी तलाक मागता येतो. शिवाय नवरा राजी असेल तर खुला किंवा मुबारातची वाट आहेच.

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख या सगळ्यांना १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागतो. आणि इथेच खरी अडचण आहे. या कायद्यात "नवऱ्याला इतकी वर्षं शिक्षा झाली म्हणून घटस्फोट" असं कारण लिहिलेलंच नाही. विशेष विवाह कायद्यात आहे, मुस्लिम कायद्यात आहे, इथे नाही. आपल्या गटांमधल्या बहुतेक जणींना हाच कायदा लागतो, म्हणून यातल्या वाटा पुढे सविस्तर दिल्या आहेत.

आदिवासी बहिणींसाठी (आपल्याकडे गोंड आहेत, इतरही आहेत) हिंदू विवाह कायदा आपोआप लागू होत नाही. त्यांचा घटस्फोट समाजाच्या चालीरीतीप्रमाणे होतो. पण पंचांनी तोंडी सांगितलं आणि झालं, असं करू नका. झालेलं लिहून घ्या, साक्षीदारांच्या सह्या घ्या, आणि पुढे जमीन, पेन्शन, दुसरं लग्न यांत भांडण नको म्हणून दिवाणी न्यायालयाकडून तसं जाहीर करून घेण्याबद्दल वकिलाला विचारा.

३. हिंदू विवाह कायद्यातल्या वाटा

तुरुंग हे कारण नाही, म्हणजे दार बंद आहे असं नव्हे. दुसरी दारं आहेत. आपल्या ताईच्या बहिणीसाठी यातली कोणती लागू पडते ते पाहायचं.

*पहिली वाट: दोघांची संमती.* नवरा राजी असेल तर ही सर्वांत सोपी. एक वर्षभर नवराबायको म्हणून एकत्र राहिलेले नाहीत, हे लागतं. दोघांच्या सहीने अर्ज होतो. नवऱ्याच्या सह्या तुरुंग अधीक्षकामार्फत घेता येतात. अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, पण सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे की योग्य कारण असेल तर न्यायालय हा काळ माफ करू शकतं. पुष्कळ जणींना वाटतं की कैदी कशाला राजी होईल! पण काही नवरे होतात. भेटीला गेल्यावर किंवा चिठ्ठी लिहून आधी विचारून पाहायला हरकत नाही.

*दुसरी वाट: क्रूरता.* क्रूरता म्हणजे फक्त मारहाण नव्हे, मनाचा छळही त्यात येतो. नवऱ्याने असा गुन्हा केला की त्याच्याबरोबर जगणं बायकोला अशक्य झालं, समाजात तोंड दाखवणं मुश्कील झालं, लेकरांवर परिणाम झाला, तर ही मानसिक क्रूरता आहे असं मांडता येतं. २०२४ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठापुढे असंच प्रकरण आलं होतं. नवऱ्याला खुनात जन्मठेप झाली होती. खालच्या न्यायालयाने बायकोचा अर्ज फेटाळला होता. उच्च न्यायालयाने मात्र ही तिच्यासाठी मानसिक क्रूरताच आहे असं धरून घटस्फोट दिला. दुसऱ्या राज्याचा निकाल आपल्या न्यायालयावर बंधनकारक नसतो, पण वकील तो दाखवू शकतो. अटकेच्या आधी नवरा मारझोड करत होता, दारू पिऊन त्रास देत होता, तर तेही अर्जात आलंच पाहिजे. पुष्कळ बाया तो जुना त्रास सांगतच नाहीत. "थे तं सगळ्याच घरी असते" म्हणून सोडून देतात. सोडू नका.

*तिसरी वाट: नवरा बलात्काराचा दोषी असेल.* लग्नानंतर नवऱ्याने बलात्कार किंवा अनैसर्गिक लैंगिक गुन्हा केला असेल तर फक्त बायकोसाठी वेगळं कारण दिलेलं आहे. दिल्लीच्या २०१२ च्या निर्भया प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्या एकाच्या बायकोने मार्च २०२० मध्ये बिहारमधल्या औरंगाबादच्या न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज केला होता. बलात्काऱ्याची विधवा म्हणून मला जगायचं नाही, असं तिचं म्हणणं होतं. निकाल लागण्याआधीच २० मार्च २०२० ला त्या चौघांना फाशी झाली. त्या अर्जाच्या हेतूवर लोकांनी शंका घेतल्या, फाशी लांबवायला केला असंही म्हटलं. ते काहीही असो, कायद्यातली ही वाट खरी आहे.

*चौथी वाट: आधी पोटगी, मग घटस्फोट.* ही वाट फार कमी जणींना ठाऊक आहे. वेगळी राहणाऱ्या बायकोला न्यायालयाने पोटगीचा हुकूम दिला (पूर्वी कलम १२५, आता नव्या कायद्यात कलम १४४), आणि त्या हुकुमानंतर एक वर्ष किंवा जास्त काळ दोघं एकत्र आले नाहीत, तर तेवढ्यावर बायको घटस्फोट मागू शकते. नवरा तुरुंगात आहे म्हटल्यावर कमाई कुठली, असं कोणी म्हणेल. पण त्याच्या नावावर शेती, घर, गाळा, बँकेत ठेव असेल तर पोटगी मागण्यात अर्थ आहे.

*पाचवी वाट: न्यायिक विभक्तता.* यात लग्न मोडत नाही, पण "एकत्र राहण्याची सक्ती नाही" असा हुकूम मिळतो. ज्या कारणांवर घटस्फोट मिळतो त्याच कारणांवर हाही मिळतो. ज्या ताईचं मन अजून ठरलेलं नाही, तिच्यासाठी ही मधली वाट. हुकुमानंतर वर्षभर एकत्र आले नाहीत तर पुढे घटस्फोट मागता येतो.

आणि जी वाट सहसा चालत नाही तीही सांगते. "मला २ वर्षं सोडून दिलं" हे कारण. माणूस तुरुंगात गेला तो आपल्या मर्जीने बायकोला सोडून गेलेला नसतो, म्हणून नुसत्या तुरुंगवासाला "सोडून देणं" म्हणता येत नाही. पण अटकेच्या आधीच त्याने तिला टाकून दिलं असेल, तर गोष्ट वेगळी. ती वकिलाला सांगावी.

हे हक्क आपसूक मिळालेले नाहीत, हेही लक्षात असू द्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्री असताना हिंदू कोड बिल मांडलं. ते रखडलं, हे त्यांच्या १९५१ च्या राजीनाम्याचं एक मोठं कारण होतं. त्यानंतर चार वर्षांनी हिंदू विवाह कायदा आला. आणि क्रूरतेवरून किंवा दोघांच्या संमतीने घटस्फोट मिळायला १९७६ साल उजाडावं लागलं.

४. स्टँप पेपरवरची फारकत म्हणजे घटस्फोट नव्हे

हा मुद्दा बैठकीत दोनदा वाचावा.

आपल्याकडे चार लोकं बसतात, स्टँप पेपरवर लिहितात, नोटरीचा शिक्का मारतात, "झाली सोडचिठ्ठी." हिंदू विवाह कायदा लागू असलेल्या बाईसाठी हा कागद न्यायालयात टिकत नाही. काही समाजांत फारकतीची जुनी चाल आहे आणि कायद्याने ती राखली आहे. पण तशी चाल खरोखर आहे हे न्यायालयात सिद्ध करावं लागतं, आणि ते सोपं नसतं.

जातीच्या पंचायतीला लग्न मोडण्याचा अधिकार नाही, नवरा जिवंत असताना बाईला दुसऱ्या लग्नाची मुभा देण्याचाही अधिकार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ साली सांगून ठेवलं आहे. त्याला जवळपास दीडशे वर्षं झाली, तरी आपण स्टँप पेपरवरच भरवसा ठेवतो.

नुकसान बाईचंच होतं. अशा कागदाच्या भरवशावर तिने दुसरा घरोबा केला तर तुरुंगातला नवरासुद्धा तक्रार करू शकतो. पहिलं लग्न कायम असताना दुसरं लग्न करणं हा गुन्हा आहे आणि त्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय ते दुसरं लग्न कायद्याने शून्य. उद्या दुसऱ्या नवऱ्याने हाकललं तर ती कोणाचीच नाही.

न्यायालयाचा घटस्फोट मिळाल्यावरही लगेच दुसरं लग्न करू नये. अपिलाची ९० दिवसांची मुदत जाऊ द्यावी आणि अपील झालेलं नाही याची वकिलाकडून खात्री करून घ्यावी.

५. अर्ज कुठे करायचा, खर्च किती?

"नवरा नागपूरच्या जेलात आहे, मंग मले नागपूरले जा लागन का?" हा प्रश्न हमखास येतो. नाही. २००३ च्या दुरुस्तीनंतर बायको जिथे राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करू शकते. माहेरी राहत असेल तर माहेरच्या भागात. नवऱ्याला नोटीस तुरुंगामार्फत जाते. त्याला वकील देण्याचा हक्क आहे, त्याचं म्हणणं व्हिडिओवरूनही ऐकता येतं. बाईला तुरुंगाच्या दारात उभं राहण्याची गरज नाही.

खर्चाचं म्हणाल तर दोन गोष्टी माहीत असू द्या. बाईला सरकारी खर्चाने मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात तसं लिहिलं आहे. त्यासाठी वर्ध्याला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तालुक्याला विधी सेवा समिती असते. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक लावा. दुसरी गोष्ट, महाराष्ट्रात १९९४ पासून घटस्फोट, पोटगी, अत्याचार आणि मालमत्तेच्या दाव्यात बायांना कोर्ट फी माफ आहे. कोणी "आधी इतके हजार फी भरा" म्हटलं तर कशाची फी, ते विचारा आणि पावती मागा.

जाताना ही कागदं पिशवीत ठेवा:

- लग्नाचा पुरावा: नोंदणी दाखला, नसेल तर पत्रिका, फोटो, साक्षीदारांची नावं
- आधार कार्ड, रेशन कार्ड, लेकरांचे जन्मदाखले
- शिक्षेच्या निकालाची प्रमाणित नक्कल (ज्या न्यायालयाने शिक्षा दिली तिथल्या नक्कल विभागात मिळते) आणि अपील चालू आहे का, त्याची माहिती
- नवऱ्याच्या आणि सासऱ्याच्या शेतीचा सातबारा, आठ-अ, घराचा उतारा
- आधी पोलिसांत किंवा दवाखान्यात गेल्या असाल तर तिथले कागद

लग्नाला वर्ष झालं नसेल तर साधारणपणे घटस्फोटाचा अर्ज घेत नाहीत. फार मोठी अडचण असेल तर न्यायालयाची परवानगी मागता येते.

६. सही करण्याआधी हिशेब मांडा

सोयाबीन विकताना आपण भाव विचारतो, वजन तपासतो. मग आयुष्याच्या निर्णयात हिशेब का नको? घटस्फोट घ्यावा की नाही, हे हा पाठ सांगणार नाही. काय सुटतं आणि काय राहतं, एवढंच सांगेल.

*वारसा.* घटस्फोट झाला की ती त्याची वारस राहत नाही. उद्या तो वारला तर विधवा म्हणून त्याच्या शेतीत, घरात तिला वाटा मिळत नाही. लेकरांचा हक्क मात्र कायम राहतो. आईबापाचा घटस्फोट झाला म्हणून मुलगा-मुलगी बापाचे वारस राहत नाहीत, असं कधीच होत नाही. वडिलोपार्जित शेतीत मुलाइतकाच मुलीचाही हिस्सा आहे.

*शेतीवर लक्ष.* तुरुंगातला माणूस भावाच्या नावाने मुखत्यारपत्र देऊन शेती विकू शकतो. म्हणून सातबारा वेळोवेळी काढून पाहा. विक्रीची कुणकुण लागली तर लेकरांच्या हिश्शासाठी न्यायालयातून मनाई हुकूम मागता येतो. घटस्फोटाच्या वेळी कायमची पोटगी मागता येते, आणि न्यायालयाला योग्य वाटलं तर तिचा बोजा नवऱ्याच्या जमिनीवर चढवता येतो. हे वकिलाला आपणहून सांगा, नाहीतर राहून जातं.

*राहतं घर.* लग्न कायम असताना सासरचे तिला घरातून हाकलू शकत नाहीत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. घटस्फोटानंतर त्या घरावर हक्क सांगणं अवघड होतं. तेव्हा राहण्याची सोय आधी पाहा.

*स्त्रीधन.* लग्नातले दागिने, भांडी, माहेरून आलेलं सामान, गटातली तिची बचत, हे सारं तिचं. नवऱ्याच्या खटल्यासाठी मंगळसूत्र गहाण ठेवायला तिला कोणी भाग पाडू शकत नाही.

*सरकारी मदत.* संजय गांधी निराधार अनुदान योजनेत तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या कैद्याच्या बायकोला अर्ज करता येतो. म्हणजे मदतीसाठी घटस्फोट घ्यावाच लागतो, असं नाही. घटस्फोटाचं प्रकरण चालू असलेली बाई आणि घटस्फोट होऊन पोटगी न मिळणारी बाई, यांनाही ही योजना आहे. २०२३ पासून यात दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात. लाडकी बहीण चालू असेल तर दोन्ही एकाच वेळी घेता येत नाहीत, हे आधी विचारून घ्या. लेकरांसाठी बाल संगोपन योजना आहे. आई किंवा बाप तुरुंगात असलेल्या मुलांचा तीत विचार होतो. त्यासाठी वर्ध्याच्या जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात विचारा.

*जिवाची भीती.* नवरा रजेवर येणार आणि तिला भीती वाटते, असं असेल तर गप्प राहू नका. रजेच्या अर्जावर पोलीस गावात चौकशी करतात, तेव्हा तिने आपलं म्हणणं स्पष्ट सांगावं आणि लेखी द्यावं. अडचणीत ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ क्रमांक लावावा.

*गुन्हा घरातल्याच लेकरावर झाला असेल तर* बाकीचा हिशेब नंतर, आधी ते लेकरू. त्याला त्या माणसापासून दूर ठेवा. "बापाले वाचवाले बयान बदल" असा दबाव कोणी आणत असेल तर १०९८ ला कळवा. अशा मुलींसाठी आणि बलात्कार किंवा ॲसिड हल्ला झालेल्या बायांसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे. तिची माहितीही विधी सेवा प्राधिकरणात मिळते.

७. गटाने काय करायचं?

अशा ताईला गटाचे दोन प्रकारचे लोक फार त्रास देतात. एक म्हणतात, "अशा माणसाचं कुंकू लावतेच कशाले? सोडून दे." दुसरे म्हणतात, "नवरा कसाही असो, बाईनं वाट पाहावं." दोघांनाही तिच्या चुलीवर काय शिजतं ते ठाऊक नसतं.

कोणी वाट पाहते. तिला वाटतं नवरा निर्दोष आहे, किंवा चुकला तरी आपला आहे. तो तिचा निर्णय. कोणी सोडते, तोही तिचाच निर्णय. आपलं काम तिला माहिती देणं, सोबत कोर्टात जाणं, आणि ती परत आली की चहा करून पाजणं.

गटापुरतं बोलायचं तर नवऱ्याच्या गुन्ह्यावरून तिला गटातून काढायचं नाही. कर्ज तिच्या पतीवर दिलेलं नाही, तिच्या बचतीवर आणि तिच्या हप्त्यांवर दिलेलं आहे. कोर्टाच्या तारखेमुळे एखादा हप्ता चुकला तर ठराव करून मुदत द्या. गावातून किंवा जातीतून कोणी तिला वाळीत टाकत असेल तर २०१६ चा महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे. तो तिला सांगा. शाळेत तिच्या लेकराला "खुन्याचं पोट्टं" म्हणून चिडवत असतील तर दोघीतिघींनी जाऊन बाईंना किंवा गुरुजींना भेटा. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

मागे थांबलेल्या त्या ताईला मी एवढंच म्हटलं, "बहिणीले घेऊन ये. आधी सातबारा काढू, निकालाची नक्कल काढू, मंग मोफत वकिलाकडे जाऊ. सोडायचं का नाही, थे तिनं सगळं पाहून ठरवावं." ती म्हणाली, "लोकं का म्हणतीन?" मी म्हटलं, "लोकं आतापर्यंत का म्हणत नव्हते? आता कागद काय म्हणते ते पाहू."

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गटातल्या प्रत्येकीचं लग्न कोणत्या कायद्यात बसतं? लग्नाची नोंदणी किती जणींची झाली आहे?

२. स्टँप पेपरवर फारकत झालेली एखादी बाई ओळखीची आहे का? नाव न घेता सांगा, तिला पुढे काय अडचण आली?

३. नवऱ्याला मोठी शिक्षा झाली तर घटस्फोट न घेताही बाईला कोणत्या मदती मिळतात? वाचलेल्यातून तीन सांगा.

४. आपल्या गटातली एखादी ताई अशा प्रसंगात सापडली तर तिच्याबरोबर वर्ध्याला कोण जाईल? दोघींची नावं आजच ठरवा.

या महिन्याचं काम: प्रत्येकीने आपल्या घरच्या शेतीचा सातबारा काढून पुढच्या बैठकीला आणायचा आणि त्यावर कोणाची नावं आहेत ते एकमेकींना वाचून दाखवायचं. १५१०० हा क्रमांक गटाच्या ठराव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचा.